मागे जाण्याची वाट मोकळी ठेवा

प्रति,
राज्यातल्या योजनांची ॲप काढणाऱ्या खात्यांचे सचिव, त्या कामाच्या निविदा लिहिणारे अधिकारी, आणि ती ॲप प्रत्यक्ष बांधणारे प्रोग्रॅमर बंधू-भगिनी यांना,



मोबाईलवर बॅक केल्यावर काय होतं, एवढाच या पत्राचा विषय आहे. मंत्रालयातून तो क्षुल्लक वाटेल. पेण आणि रोहा तालुक्यांतली सरकारी कामं आज ज्या रीतीने होतात ती जवळून पाहिली, तर या एका गोष्टीपायी किती माणसांचा किती वेळ आणि रोज बुडतो ते कळतं. मी रोह्यात राहतो. अँड्रॉइडची ॲप लिहिणं हा माझा व्यवसाय आहे आणि त्यामुळे आसपासची माणसं अडलं की फोन घेऊन माझ्याकडे येतात. त्यांची तक्रार बहुतेक वेळा एकाच वाक्यात संपते: "बॅक मारला न् सगला गेला."

सर्व्हर बंद आहे, रेंज नाही, या तक्रारी तुमच्यापर्यंत पोचतात. वर्तमानपत्रांतही त्यांच्या बातम्या होतात. ही मात्र पोचत नाही, कारण माणूस तिला स्वतःची चूक समजतो. "माझाच हात लागला असेल" असं म्हणतो आणि पुन्हा पहिल्या पानापासून भरायला बसतो. तिसऱ्यांदा असं झालं की फोन खिशात टाकतो, सेवा केंद्रात जातो आणि पैसे देऊन दुसऱ्याकडून अर्ज भरून घेतो. तुमच्या आकडेवारीत तो अर्ज यशस्वीपणे भरला गेलेला दिसतो.

गेल्या काही वर्षांत किती कामं फोनवर आली ते तुम्हाला मी सांगायला नको. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली आणि तलाठ्याने करायची पीक नोंद शेतकऱ्याच्या हातात आली. त्याने बांधावर जायचं, पिकाचा फोटो काढायचा, आणि ती नोंद सातबाऱ्यावर चढायची. नुकसानभरपाईसारख्या कामांत ही नोंद पाहिली जाते, म्हणजे नोंद करायची राहिली तर माणसाचे पैसे अडतात. त्याच २०२१ मध्ये अंगणवाडीच्या नोंदी पोषण ट्रॅकरवर गेल्या. २०२४ च्या जुलैत लाडकी बहीण योजनेचे अर्ज नारीशक्ती दूत ॲपमधून भरले जाऊ लागले. रेल्वेने १ जुलै २०२५ रोजी तिकीट, आरक्षण आणि तक्रारी एकत्र करणारं रेलवन आणलं. दिवा–रोहा मेमूने जाणाऱ्या माणसाच्या दिवसातला बराच भाग आता ॲपच्या पडद्यांवरून पुढे सरकतो. ही कामं फोनवर येण्याला माझा विरोध नाही. कासू किंवा निडीहून तालुक्याला खेप घालावी लागू नये, याहून चांगलं काय? म्हणूनच ती नीट व्हावीत असं वाटतं.

आता एक प्रसंग जवळून सांगतो. ॲपचं नाव लिहीत नाही. वर ज्यांची नावं घेतली त्यांच्यापैकी ते नाही, आणि हा दोष कुणा एका ॲपचा नाहीही.

पेणच्या खाडीकडचा खारेपाट. श्रावणातला दिवस, भात गुडघाभर वाढलेलं, बांध निसरडा. शेतकऱ्याचा फोन काही वर्षांपूर्वी घेतलेला, रॅम २ जीबी. तो अर्ज भरतो आहे: गाव, गट क्रमांक, क्षेत्र, बँक खातं, आयएफएससी. ओल्या बोटाने एकेक आकडा दाबायला वेळ लागतो. सहाव्या पडद्यावर फोटो मागितला जातो. तो कॅमेऱ्याचं बटण दाबतो, फोनचा कॅमेरा उघडतो, फोटो काढतो, बरोबरची खूण दाबतो. आणि समोर येतं अर्जाचं पहिलं पान. गावाचं नावसुद्धा रिकामं.

त्याच्या दृष्टीने हा चमत्कार आहे. आपल्या धंद्यात मात्र यात काहीही गूढ नाही. कॅमेरा उघडला तेव्हा अर्जाचं ॲप पडद्यामागे गेलं. कॅमेऱ्याला भरपूर मेमरी लागते. २ जीबीच्या फोनमध्ये ती कुठून तरी काढावी लागते, म्हणून अँड्रॉइडने मागच्या ॲपची प्रोसेस मारून टाकली. अँड्रॉइड हे उघडपणे करतं. तशीच त्याची रचना आहे आणि दस्तऐवजांत पहिल्यापासून लिहिलेलं आहे. प्रोसेस मारताना ॲपच्या पडद्यांची क्रमवारी आणि प्रत्येक पडद्याने जपायला दिलेली थोडी माहिती सिस्टीम स्वतःकडे ठेवते, आणि माणूस परत आला की तेवढ्यावरून ॲप पुन्हा उभं करते. पण ॲपने जपायला काही दिलंच नसेल तर उभं काय करायचं? ज्या ॲपने सगळा अर्ज नुसत्या मेमरीत धरून ठेवला, त्याचा अर्ज मेमरीबरोबर गेला.

अधिकारी मंडळींसाठी ही क्रमवारी म्हणजे काय तेही थोडक्यात सांगतो, कारण निविदेत तिचा उल्लेख यायला हवा. झोडणीपर्यंत भाताचे भारे उडवीवर एकावर एक रचून ठेवतात, आणि काढताना सगळ्यात वरचा भारा आधी निघतो. ॲपचे पडदे तसेच रचले जातात. नवा पडदा उघडला की तो वर चढतो, बॅक केलं की वरचा निघतो आणि खालचा दिसतो. याला बॅक स्टॅक म्हणतात. माणसाला हे शब्द ठाऊक नसतात, पण नियम पक्का ठाऊक असतो. व्हॉट्सॲप आणि यूट्यूब वापरून तो त्याच्या बोटांत बसलेला आहे: बॅक म्हणजे आत्ता जिथे होतो तिथे. तुमच्या ॲपमध्ये हा नियम मोडतो तेव्हा माणसाचा स्वतःवरचा विश्वास जातो, आणि ही सगळ्यात वाईट गोष्ट आहे.

नियम मोडण्याचे प्रकार मी वर्षानुवर्षं पाहतो आहे. काही ॲप म्हणजे खात्याचं संकेतस्थळ वेबव्ह्यूमध्ये, म्हणजे ॲपच्या आतल्या ब्राउझरमध्ये, गुंडाळून प्ले स्टोअरवर ठेवलेलं असतं. आतल्या पानांचा इतिहास वेबव्ह्यूकडे असतो. मागे जायला पान शिल्लक आहे का, हे ॲपने त्याला विचारायचं असतं. हा प्रश्न विचारणाऱ्या दोन-चार ओळी लिहायच्या राहिल्या, तर पाचव्या पानावरून एक बॅक आणि माणूस थेट ॲपबाहेर. काही ॲपमध्ये मुख्य पानाचं बटण दाबलं की मुख्य पानाची नवी प्रत रचली जाते. मग बाहेर पडायला तेच तेच पान दहा वेळा मागे सारावं लागतं. कुठे लॉगिन झाल्यावर बॅक केलं की पुन्हा ओटीपीचं पान दिसतं, आणि माणसाला वाटतं आपण बाहेर फेकले गेलो. कुठे बॅकच बंद करून ठेवलेलं असतं. प्रोग्रॅमरला वाटतं त्याने गोंधळ टाळला. माणूस मात्र एका चुकलेल्या गट क्रमांकाशी अडकून राहतो, कारण दुरुस्तीसाठी मागच्या पडद्यावर जाताच येत नाही.

त्यातही अर्ज सादर झाल्यानंतरचं बॅक मला सगळ्यात घातक वाटतं. "आपला अर्ज प्राप्त झाला" असं पान येतं. माणूस बॅक करतो आणि भरलेला अर्ज खालच्या सादर करा या बटणासकट परत समोर उभा राहतो. अर्ज गेला की नाही याची शंका येते आणि तो बटण पुन्हा दाबतो. सर्व्हरने दुसरा अर्ज ओळखला नाही, तर एकाच नावाचे दोन अर्ज होतात आणि पडताळणीत दोन्ही लटकतात. खरं तर सादर झाल्याबरोबर अर्जाचे सगळे पडदे रचणीतून काढून टाकायचे असतात. अँड्रॉइडच्या नेव्हिगेशन कंपोनंटमध्ये पॉपअपटू नावाची सोय यासाठीच आहे. ही लायब्ररी गूगलने २०१८ मध्ये जाहीर केली, २०१९ मध्ये ती स्थिर झाली. लाँचसिंगलटॉप वापरलं की वरच्या पानाचीच दुसरी प्रत चढत नाही. २०२५ मध्ये आलेल्या नेव्हिगेशन ३ मध्ये तर बॅक स्टॅक ही प्रोग्रॅमरच्या हातातली साधी यादी आहे. त्यात काय ठेवायचं आणि काय काढायचं ते सरळ डोळ्यांसमोर दिसतं. साधनं नाहीत असं आता कुणी म्हणू शकत नाही.

ओटीपीची गोष्ट वेगळी काढतो, कारण आमच्याकडे तिला एक जास्तीची अडचण आहे. संदेश वाचायला माणूस ॲपबाहेर जातो, संदेश पाहतो, परत येतो. कमी रॅमच्या फोनवर एवढ्यातही प्रोसेस मरू शकते. त्याच फोनवर आलेला संदेश माणसाला बाहेर न पाठवता घेण्याची सोय अँड्रॉइडमध्ये आहे, एसएमएस रिट्रीव्हर आणि युजर कन्सेंट या नावांनी. ती वापरा. पण कित्येक बायकांचा आधार क्रमांक नवऱ्याच्या मोबाईलला जोडलेला असतो, आणि नवरा धाटावच्या कारखान्यात पाळीवर किंवा मुंबईत कामाला. मग त्याला फोन लावायचा, त्याने वेळ काढून संदेश पाहायचा, आकडे सांगायचे. हा फोन लावताना ॲप मागे जाणारच. परत आल्यावर तोच पडदा, तीच रिकामी चौकट समोर हवी, आणि मुदत संपली असेल तर "ओटीपी पुन्हा पाठवा" एवढंच दिसायला हवं. पहिल्या पानावर ढकललेली बाई दुसऱ्या वेळी नवऱ्याला फोन लावायला कचरते. हे मी पाहिलं आहे.

संदेशातून किंवा सूचनेतून ॲप उघडणं हाही असाच दुर्लक्षित कोपरा. "आपल्या अर्जात त्रुटी आहे" अशी सूचना येते, माणूस ती दाबतो, त्रुटीचं पान उघडतं. आता बॅक केल्यावर त्याला आपल्या अर्जांची यादी दिसायला हवी, जणू तो मुख्य पानावरून चालत इथे आला. त्यासाठी सूचनेबरोबर खालचे पडदे आधी रचून द्यावे लागतात. टास्कस्टॅकबिल्डर हे काम करतं. ते केलं नसेल तर बॅक केल्यावर फोनचा मुख्य पडदा येतो, आणि यादी पाहायला माणसाला ॲप नव्याने शोधावं लागतं.

प्रोग्रॅमर मित्रांनो, अर्ज जपण्याबद्दल तुमच्याशी थोडं सविस्तर बोलायचं आहे. व्ह्यूमॉडेलमध्ये ठेवलं म्हणजे झालं, असं मानणारे बरेच जण भेटतात. फोन आडवा केला तर व्ह्यूमॉडेल टिकतं, प्रोसेस मेली तर टिकत नाही. सेव्हडस्टेटहँडलमध्ये ठेवलेलं प्रोसेस मेल्यावरही परत मिळतं, पण ती जागा लहान आहे. ज्या बाइंडर वाटेने ही माहिती जाते तिची मर्यादा साधारण १ एमबी आहे आणि तीही वाटून घ्यावी लागते. तिथे फोटो कोंबला तर ॲप कोसळेल. फोटो फाईलमध्ये ठेवा आणि फक्त त्याचा पत्ता जपा. एवढंही पुरत नाही. अलीकडची ॲप दाखवणाऱ्या पडद्यावरून माणसाने तुमचं ॲप झटकून टाकलं, तर ही जपलेली स्थितीही सिस्टीम फेकून देते. आणि आमच्याकडे मोबाईलच्या दुकानात प्रत्येकाला सांगितलेलं असतं, "फोन अडकतो तर सगळी ॲप बंद करत जा." कमी रॅमचा फोन वापरणारा माणूस दिवसातून कितीदा तरी हे करतो. म्हणून लांबलचक अर्जाला एकच खरा उपाय आहे: प्रत्येक रकाना भरला की तो लगेच फोनवरच्या डेटाबेसमध्ये लिहा. रूम त्यासाठीच आहे. ॲप पुन्हा उघडलं की विचारा, "अर्धा भरलेला अर्ज आहे, पुढे चालू ठेवायचा का?" या एका प्रश्नाने खारेपाटातल्या त्या शेतकऱ्याचं काम बांधावरच संपलं असतं.

आता एक तातडीची गोष्ट. बॅक करण्याची पद्धतच बदलते आहे. २०१९ मध्ये अँड्रॉइड १० ने कडेवरून बोट सरकवून मागे जाण्याची रीत आणली. पूर्वी खालचं बटण मुद्दाम दाबावं लागायचं. आता फोन एका हातात धरून, दुसऱ्या हाताने छत्री सांभाळत असताना अंगठा कडेला घासला तरी बॅक होतं. त्यामुळे चुकून होणारं बॅक वाढलं, आणि बदललेली माहिती जाऊ न देण्याची जबाबदारीही वाढली. पुढे अँड्रॉइड १३ पासून गूगलने बोट पूर्ण सरकवण्याआधीच मागचं पान डोकावून दाखवण्याची तयारी सुरू केली. यासाठी ॲपने बॅकबद्दलचा निर्णय आधीच सांगून ठेवावा लागतो. अँड्रॉइड १६ लक्ष्य ठरवलेल्या ॲपमध्ये, १६ च्या फोनवर, जुनं ऑनबॅकप्रेस्ड आता बोलावलंच जात नाही. "बदल जपायचे का?" ही विचारणा ज्यांनी तिथे लिहून ठेवली आहे, त्यांच्या ॲपमधून ती कुठलीही चूक न दाखवता नाहीशी होते. माणूस बॅक करेल आणि अर्ज निमूट जाईल. फ्लटरवाल्यांकडे जुनं विलपॉपस्कोप सोडून पॉपस्कोप आलं ते याच बदलामुळे. प्ले स्टोअरची अट दरवर्षी एक पायरी पुढे सरकते. ३१ ऑगस्ट २०२५ पासून नव्या ॲपना आणि सुधारित आवृत्त्यांना किमान अँड्रॉइड १५ लक्ष्य ठरवणं बंधनकारक झालं. १६ ची पायरी त्याच्या लगेच पुढची. बॅकच्या या बदलातून तात्पुरतं बाहेर राहण्याची एक सोय आहे, पण तिच्या भरवशावर लोकांचे अर्ज ठेवू नका.

अधिकारी महोदय, तुमच्याकडे मागणं आहे ते निविदेबद्दल. निविदेत पडद्यांची संख्या असते, रंग आणि बोधचिन्हं असतात, एकाच वेळी किती वापरकर्ते हेही असतं. प्रत्येक पडद्यावरून बॅक केल्यावर काय व्हावं, याचा तक्ता मात्र नसतो. तो मागा. ॲप स्वीकारण्याच्या चाचणीत एक अट घाला: २ जीबी रॅमच्या फोनवर, अर्ज अर्धा भरलेला असताना कॅमेरा उघडणं, फोन येणं, संदेश पाहायला जाणं आणि ॲप झटकून पुन्हा उघडणं, या प्रत्येक वेळी भरलेली माहिती जशीच्या तशी राहिली पाहिजे. ती राहिली नाही तर बिल अडवा. सरकारी संकेतस्थळांसाठीच्या जीआयजीडब्ल्यू मार्गदर्शक तत्त्वांच्या २०२३ च्या तिसऱ्या आवृत्तीने ॲपनाही आपल्या कक्षेत घेतलं आहे. म्हणजे ॲपचा दर्जा तपासून घेणं हा तुमच्या कामाचाच भाग आहे.

आणि चाचणी कुणाच्या फोनवर होते तेही पाहा. २०२१ च्या ऑगस्टमध्ये राज्यातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाईल परत करायचं आंदोलन केलं. फोन निकृष्ट आहेत, कमी क्षमतेचे आहेत, पोषण ट्रॅकर ॲपची भाषा इंग्रजी आहे, अशा त्यांच्या तक्रारी होत्या. ज्या बायका रोज ते ॲप वापरणार होत्या, त्यांचं म्हणणं ऐकायला आंदोलनाची वाट पाहावी लागली. हे पुन्हा होऊ नये. पुण्या-मुंबईच्या कचेरीत १२ जीबीच्या फोनवर प्रोसेस मरताना दिसणं कठीण. ती पेणच्या बाजारात दिसते, रोहा स्थानकाच्या बाकावर दिसते, नागोठण्याच्या बस थांब्यावर दिसते. प्रत्येक ॲप बाहेर पडण्याआधी एक आठवडा अशा ठिकाणी, तिथल्याच माणसांच्या स्वतःच्या फोनवर चालवा. त्यांना मदत करू नका, नुसतं शेजारी बसून पाहा. आणि त्या दिवसाच्या मजुरीइतके पैसे त्यांना द्या, कारण ते तुमचं काम करत असतील.

प्रोग्रॅमर मित्रांनो, तुम्हाला कुणाच्या परवानगीची गरज नाही. फोनच्या डेव्हलपर पर्यायांत डोन्ट कीप ॲक्टिव्हिटीज सुरू करा आणि स्वतः बांधलेला अर्ज सुरुवातीपासून शेवटपर्यंत भरून पाहा. मग तो पर्याय बंद करून, ॲप मागे टाकून, एडीबीने प्रोसेस मारा आणि परत या. मग ॲप झटकून टाका आणि परत या. सूचनेवरून आत शिरा आणि बॅक करा. सादर करा आणि बॅक करा. यातलं जे मोडेल ते पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करा, आणि वेळ नाही असं वरून सांगितलं गेलं तर हे पत्र त्यांच्यासमोर ठेवा.

खात्यांना शेवटची विनंती. प्रत्येक ॲपच्या तक्रार पानावर "मागे गेल्यावर माहिती गेली" असा एक पर्याय या महिन्यात जोडा, आणि पुढच्या तिमाहीत तालुक्यागणिक त्याचे आकडे जाहीर करा. पेण आणि रोहा या दोन तालुक्यांपासून सुरुवात करायची असेल तर चाचणीसाठी माणसं जमवण्याचं काम मी विनामोबदला करीन.

आपला,
रोह्यातला एक अँड्रॉइड प्रोग्रॅमर